तीन जणांचं बुकिंग

माझा नवरा गेला तो जूनमधल्या एका शनिवारी सकाळी, मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातल्या आमच्या घरामागचं गवत कापताना, हार्ट अटॅकने. त्याने नुकती चाळिशी ओलांडली होती. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही तिघं फ्रान्सला जाणार होतो. तो, मी आणि आमची अकरा वर्षांची लेक.

फ्रान्स म्हणजे त्याच्या लेखी पॅरिस नव्हतं, शॅम्पेन होतं. अ‍ॅडलेडला, मॉसन लेक्सच्या कॅम्पसवर शिकत असताना तो संध्याकाळी एका बॉटल शॉपमध्ये, म्हणजे दारूच्या दुकानात, शिफ्ट करायचा. शॅम्पेन नावाच्या त्या एका प्रदेशात होते तीच शॅम्पेन, बाकीची नुसती स्पार्कलिंग वाइन, हे तो तिथे शिकला आणि पुढे प्रत्येक पार्टीत लोकांना ऐकवत राहिला. स्वतः फारसं प्यायचा नाही. पण ते द्राक्षमळे, खडूच्या दगडात खोदलेली तळघरं आणि मध्ययुगातली ती गावं त्याला एकदा बघायची होती. त्रुआ नावाच्या गावात मांजरांची गल्ली आहे. दोन्हीकडची घरं वर इतकी जवळ येतात की मांजरं या छपरावरून त्या छपरावर उडी मारतात. तिचा फोटो तो लेकीला सारखा दाखवायचा.

तो गेल्यावर माझी आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "अगं, अजून वर्षसुद्धा झालं नाही. लोक काय म्हणतील?"

सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा तू. किती हौसेनं ठरवलं होतं त्यानं. पोरीला दाखवून आण."

लेक म्हणाली, "आय डोन्ट वॉना गो." पण बॅग भरली तिने. माझ्या आधी भरली.

शॅम्पेनमधल्या रँस शहरात उतरलो. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक जिथे व्हायचे ते कॅथेड्रल बघितलं. दारावर एक हसणारा देवदूत कोरलाय. सगळे त्याच्याखाली उभे राहून फोटो काढत होते. लेकीने एकदा वर पाहिलं आणि विचारलं, "व्हॉट्स ही सो हॅपी अबाउट?" आम्ही फोटो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेतली. गाडी तोच चालवणार होता. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवताना माझे हात घामाने ओले झाले होते. दोन्हीकडे टेकड्यांवर मळे पसरलेले. तोडणी होऊन गेली होती, पानं पिवळी पडायला लागली होती, कुठेकुठे एखादा घोस विसरल्यासारखा लटकत होता. एका लहानशा गावातल्या घरगुती तळघराची टूर त्याने बुक केली होती. तिथल्या बाईंचे केस पांढरे, पायात गमबूट. त्यांनी हसून आम्हाला आत घेतलं आणि हातातल्या फोनकडे बघून विचारलं, "तिघं आहात ना?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "माय डॅड्स जस्ट पार्किंग द कार."

माझ्या पर्समध्ये गाडीची किल्ली होती. बाई म्हणाल्या, "काही घाई नाही, थांबू या आपण." टूरला आलेलं एक म्हातारं जोडपंही मान डोलावून बाकावर बसलं. लेक फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. हनुवटी वर, हात जॅकेटच्या खिशात. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, बाईंना बाजूला घ्यायला हवं होतं. मी काहीच केलं नाही, कारण मीसुद्धा फाटकाकडेच बघत होते. त्या थोड्या वेळात तो खरोखरच बाहेर कुठेतरी गाडी लावत होता, आणि आता धावतपळत, "सॉरी, सॉरी" म्हणत आत येणार होता.

एक व्हॅन आली. लेकीने एक पाऊल पुढे टाकलं. व्हॅनमधून रिकामे क्रेट घेऊन कुणी कामगार उतरला.

"आई," ती फाटकाकडेच बघत म्हणाली, "टेल हर ही'ज नॉट कमिंग."

मी सांगितलं. माझ्या अडखळत्या इंग्रजीतलं बाईंना किती कळलं कोण जाणे, पण त्या 'सॉरी' म्हणाल्या नाहीत. आतून एक जाड लोकरी शाल आणून त्यांनी लेकीच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, "खाली थंडी आहे."

तळघरात लाकडी फळ्यांच्या भोकांत बाटल्या उलट्या खोचून ठेवल्या होत्या. बाई त्या कशा थोड्या थोड्या फिरवतात ते दाखवत होत्या. मला त्यातलं फारसं आठवत नाही. शेवटी त्यांनी शॅम्पेनचा ग्लास भरला. ताज्या पावाचा वास येतो म्हणे, तो सांगायचा. मला आला नाही. थंड होती, आंबट होती. मी ती तशीच ठेवून उठले.

त्रुआला पोहोचलो तेव्हा दुपार होती. लाकडी पट्ट्यांची, एका बाजूला कललेली घरं. मांजरांची गल्ली सापडली, मांजर एकही नव्हतं. लेक आत शिरली. दोन्ही हात पसरून तिने दोन्हीकडच्या भिंतींना टेकवले.

"बाबा वुडन्ट इव्हन फिट," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती खाली बसली. अंत्यसंस्काराच्या दिवशी ही मुलगी आलेल्यांना पाण्याच्या बाटल्या देत फिरत होती. तेव्हाही आणि त्यानंतरही ती रडलीच नव्हती. मी तिच्याशेजारी दगडांवर बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं.

बऱ्याच वेळाने ती मराठीत म्हणाली, "बाबाने मला हाक मारली होती. कापलेल्या गवताची बिन धरायला. मी म्हटलं, वन मिनिट. आणि मी गेलेच नाही."

इतके महिने ती हे एकटी घेऊन बसली होती. माझ्यासमोर जेवत होती, शाळेत जात होती.

"बाळा, तू गेली असतीस तरी काही झालं नसतं. डॉक्टर म्हणाले ना, क्षणात गेला तो."

"यू डोन्ट नो दॅट," ती म्हणाली.

खरंच, मला तरी काय माहीत होतं? मी तिला घट्ट धरून बसून राहिले. लोक आमच्या पायांवरून वाट काढत, दिलगिरी दाखवत जात होते.

आता ती हायस्कूलला आहे. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर काउन्सेलरकडे जाते. मी बाहेर गाडीत बसते. ती बाहेर येते, सीटबेल्ट लावते. कधी बोलते, बहुतेक वेळा खिडकीबाहेर बघते. मी विचारत नाही. गाडी सुरू करते आणि आम्ही घरी येतो.