गाठीवरचं साल

माझे वडील अकोटला एकटे राहतात आणि दुपारचं जेवण झालं की हिंदीत बोलणारे काउबॉय पाहतात. वय चौऱ्याऐंशी. सारा जन्म जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेला. कापसाच्या गाठी बांधून झाल्या की त्यांच्यावर रंगाने आकडे उमटवायचं काम त्यांच्याकडे होतं. मी अमरावतीच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यामुळे टीव्हीवर जुन्या काळचा सिनेमा लागला की तो कोणत्या सालातला, यावरून आमची जुंपते. मी पुराव्याने बोलते आणि बाबा तोंडाला येईल ते ठोकून देतात, असं माझं आजवरचं मत होतं.

गेल्या फेब्रुवारीत मात्र मी सिनेमासाठी गेले नव्हते. आठवड्यापूर्वी भावाने आणि मी बाबांना अमरावतीला डॉक्टरांकडे नेलं होतं. कारण काय, तर चष्मा कुठे ठेवला ते विसरत होते. (माझाही चष्मा रोज हरवतो, पण मला कोणी डॉक्टरकडे नेत नाही.) डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, दोन्ही बरोबर आले. साल विचारलं, तर बाबांनी शांतपणे मागचं साल सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. मी भावाकडे पाहिलं, भावाने माझ्याकडे. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत आमचं ठरलंसुद्धा: अकोटचं घर बंद करायचं आणि बाबांना भावाकडे आणायचं. हे बाबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण भावाला नेमकी त्याच दिवशी फार महत्त्वाची कामं निघाली.

एसटीतून उतरल्यावर मी आधी बाजारात जाऊन एक दणकट कुलूप घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

घरी सिनेमा रंगात आला होता. धुळीचं गाव, दाढीवाले लोक, आणि सहा महिने आंघोळ न केलेला नायक. घोडे फार हडकुळे आहेत, त्यांना थोडं सोयाबीनचं कुटार मिळायला पाहिजे होतं, असं बाबांचं म्हणणं पडलं. विषय काढायची हिंमत होईना, म्हणून मी आमचा नेहमीचा खेळ सुरू केला. शिपायांचे निळे कोट विटलेले आहेत, म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून काही वर्षं झालीत, असं मी सांगितलं. त्याच युद्धामुळे आपल्या वऱ्हाडच्या कापसाला भाव आला होता, हेही सांगून घेतलं. शाळा सुटली तरी खोड सुटत नाही. तेवढ्यात नदीकाठी रचलेल्या कापसाच्या गाठी दिसल्या आणि एकीवर पांढऱ्या रंगात चक्क आकडा होता, ७१.

अठराशे एकाहत्तर, मी निकाल देऊन टाकला.

"बहात्तर," बाबा म्हणाले.

अहो, गाठीवर लिहिलंय की, मी म्हटलं. सनावळी चुकणाऱ्या मुलीकडे मी वर्गात जसं पाहत असे, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गाठीवर हंगामाचं साल असते, बाई. दसऱ्याले कापूस सुरू झाला तवाचं जे साल, तेच पुढच्या दसऱ्यापर्यंत चालते. मांगं पाह्य, कापूस वेचून पऱ्हाटी वाळून उभी हाय, मानसाच्या तोंडातून वाफ निंगून रायली. म्हंजे बहात्तर लागलं."

अमेरिकेतले लोक अकोटच्या जिनिंगचे नियम कशाला पाळतील, असं म्हणून मी हसले. अर्ध्या तासाने नायकाचा मित्र मेला. त्याला पुरलं आणि वर लाकडी फळी रोवली. फळीवर कोरलं होतं: फेब्रुवारी, १८७२.

बाबा पाणी दे म्हणाले.

मी पाणी आणायला उठले आणि माठापाशीच थांबले. आमच्याकडेही फेब्रुवारीच होता. चाळीस वर्षं ज्याने गाठींवर हंगामाचं साल उमटवलं, त्या माणसाने डॉक्टरांनाही हंगामाचंच सांगितलं होतं. मागचं साल. जिनिंगच्या हिशेबाने अगदी बरोबर.

पाणी देताना मी विचारलं, हे तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलं?

"सांगनारच होतो," ते म्हणाले. "पन तुमी दोघं एकमेकाईच्या तोंडाकडं पाहून रायले होते. मंग मी म्हटलं, याईचं त ठरलंच हाय."

मला फार लाज वाटली. जन्मभर मुलांना सांगत आले की पुरावा उलटसुलट तपासावा, आणि माझ्या बापाला साधा एक प्रश्न मी उलटून विचारला नव्हता.

संध्याकाळी भावाचा फोन आला, कधी आणतेस म्हणून. हंगाम संपल्यावर पाहू, मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही आणि मीही लगेच समजावलं नाही. त्याची कामं चालली होती ना.

निघताना पर्समधून रुमाल काढायला गेले, तर कुलूपच धाडकन खाली पडलं. बाबांनी वाकून उचललं. किल्ली दोनदा फिरवून पाहिली.

"मजबूत हाय," ते म्हणाले आणि कुलूप माझ्या हातात दिलं. "तुया घराले लाव, अन् चार दिवस इथं राहाले ये."