साहेबांसाठी ओली लादी

"मावशी, तुम्ही पेशंट व्हा. झोपा इथं टेबलावर."

ट्रेनिंग द्यायला पुण्याहून आलेल्या मॅडम मला म्हणाल्या. मी कोपऱ्यात पोछा घेऊन उभी होते. कोणाचा तरी चहा सांडला म्हणून मला हॉलमध्ये बोलावलं होतं. मला वाटलं मस्करी चालली आहे. मी पदर सारखा केला आणि मानेनेच नको म्हटलं. मॅडमनी माझं मनगट धरलं, टेबलापाशी नेलं, खांद्याला धरून आडवं केलं. मग पर्समधून छोटी बाटली काढून हातांना सॅनिटायझर चोळलं. माझ्या तोंडासमोर. त्याचा वास माझ्या नाकात गेला.

आमच्या रुग्णालयातले सगळे तिथे होते. मोठे साहेब, डॉक्टर, सिस्टर, औषधं देणारे, ऑफिसातले. सगळे खुर्च्यांवर. मी टेबलावर उताणी. साडी पोटऱ्यांवर चढली होती, ती मी एका पायाने दुसऱ्या पायावर ओढत होते.

"जरा कण्हा की मावशी," ऑफिसातला एक जण म्हणाला. "भरपगारी झोप मिळाली."

सगळे हसले. सिस्टरही हसल्या.

मॅडमनी लाल लोकरीचा गुंडा काढला. म्हणाल्या, आजारी माणूस मधे असतो आणि आपण सगळे त्याच्याभोवती एकमेकांना बांधलेले असतो. एकाने ओढलं की दुसऱ्याला ताण बसतो. म्हणून चूक एका माणसात शोधायची नाही, सगळं काम कसं चालतं त्यात शोधायची. बोलणं चांगलं होतं. मला पटलं. पडल्या पडल्या मी कान देऊन ऐकत होते.

गुंडा साहेबांनी डॉक्टरांकडे टाकला, डॉक्टरांनी सिस्टरकडे, सिस्टरनी ऑफिसकडे. लोकर माझ्या पोटावरून गेली, गळ्यावरून गेली. वर जाळं झालं. झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बाईच्या जागी कोणी बसलं नव्हतं. ती जागाच धरली नव्हती.

"आता तुमच्याच इथली एखादी घटना घेऊ," मॅडम म्हणाल्या.

"ती म्हातारी पडली, ती घ्या," साहेब म्हणाले.

म्हणजे आता मी पार्वतीआजी होते.

पार्वतीआजी डोंगरातल्या वाडीतली. मुलगा मुंबईला, सून गुरं सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून म्हातारी तापाने वॉर्डात एकटी पडली होती. माझं माहेर मंडणगडकडचं, तिचंही तिकडचंच, म्हणून मला 'गो बाय' म्हणायची. बाकी सगळ्यांची मी मावशी. आईच्या बहिणीसारखं मात्र कोणी वागवत नाही.

आमच्या वॉर्डात साहेबांच्या राउंडची एक पद्धत आहे. एकदा वरून तपासणी आली होती आणि कोणी तरी म्हणालं की लाद्या चमकत नाहीत. तेव्हापासून साहेबांचा हुकूम झाला. साहेब येतील तेव्हा लादी ओली पाहिजे आणि फिनेलचा वास आला पाहिजे. त्यामुळे पुसायचं ते अगदी राउंडच्या तोंडावर. दुसरा हुकूम, राउंडला एकही खाट रिकामी दिसता कामा नये. म्हणून सिस्टर बायकांना आधीपासूनच उठू देत नाहीत. साहेबांना उशीर झाला तर बायका तशाच लघवी दाबून पडून राहतात. साहेबांची पाठ वळली की सगळ्या एकदम संडासाकडे सुटतात. आणि लादी ओली.

हे कळायला शिकावं लागत नाही. वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. मी एकदा सिस्टरना म्हटलं होतं, बायका घसरतील. त्या म्हणाल्या, "मला काय दिसत नाही? पण साहेबांना सांगणार कोण? तू पूस."

त्या दिवशी आजी म्हणाली, "गो बाय, मला जायाला व्हया."

"आजी, गप पडा. साहेब येतायत," सिस्टर म्हणाल्या.

"साएब येतील तवा येतील. मूत काय साएबाला इचारून येतो?"

शेजारच्या खाटेवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आजी पडून राहिली. साहेब आले, तिचा कागद बघितला, गेले. आजी उठली. दाराशीच पाय सरकला. खुबा मोडला. पडल्या जागीच तिला लघवी झाली, आणि ती रडत होती ती दुखतंय म्हणून नव्हे. म्हणत होती, "मला झाक गो बाय, मला झाक." मी माझा पदर तिच्यावर टाकला. तिला मोठ्या इस्पितळात नेलं, तिथून घरी. सून सांगते की आता ती कुशीवरही वळत नाही.

ते सगळं आता माझ्या अंगावर खेळ म्हणून चाललं होतं. साहेब फळ्यावर कारणं सांगत होते आणि मॅडम लिहीत होत्या. पेशंटचं वय जास्त. नातेवाईक जवळ नाही. पायात चप्पल नाही. राउंडचं मात्र कुठे नाव नाही. उठू न देण्याचं नाव नाही. शेवटी मॅडमनी एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या. मी चौथी शिकले आहे. सावकाश वाचते, पण वाचते. 'सफाई कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा.'

एवढा वेळ लोकर फेकली, एवढं जाळं विणलं, आणि सापडलं कोण? जाळ्याखाली पडलेली मी.

आमच्या गावी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण एकेक वाक्य बोलतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काय बोलला ते नीट ऐकू आलं नसलं तरी म्हणतात. हॉलमध्ये तेच चाललं होतं. साहेब बोलत होते, माना हलत होत्या. सिस्टरची मान हलत होती. जिने मला 'तू पूस' म्हटलं तिची. फक्त इथे देव नव्हता.

मी रोज रक्त पुसते, ओकाऱ्या काढते, भरलेली भांडी ओतते. ती माणसाची घाण आहे, पाण्याने जाते. मला त्याची किळस येत नाही. त्या हलणाऱ्या मानांची आली. वाटलं, आता इथेच भडभडून ओकेन, आणि ती ओकारीही मलाच पुसायला लावतील.

"उठा मावशी," साहेब म्हणाले. आवाज गोड होता. "सगळ्यांसमोर एकदा सांगून टाका, चूक झाली, परत होणार नाही. विषय मिटला."

मी उठून बसले. मला चार माणसांत बोलता येत नाही. आमच्या वाडीच्या हळदीकुंकवालाही मी दाराशी बसते. मला माहीत होतं, चूक झाली म्हटलं की माझं काम राहील. आणि हेही माहीत होतं, चूक माझी ठरली की बाकी सगळं होतं तसंच राहील. तोच राउंड, तीच ओली लादी, दुसरी म्हातारी.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"काय?"

"चूक माझी नाही. लादी तुमच्यासाठी ओली होती."

माझा आवाज चिरकला. मग साहेब हसले. "मॅडम, तुमचं ट्रेनिंग मावशींना चढलं."

झालं. सगळे सुटल्यासारखे हसले. आणि मॅडम, ज्यांनी मघाशीच सांगितलं होतं की चूक माणसात शोधू नका, त्या घड्याळात बघून म्हणाल्या, "चहा घेऊ या का?"

गळ्यात अडकलेली लोकर मी काढली, जमिनीवर टाकली आणि बाहेर आले. ती गोळा करायला मला हाक आली. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "तुला जीभ आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. आता ती वापर तिकडे, संडासात." मला वॉर्डातून काढून बाहेरच्या संडासांवर टाकलं. सिस्टर वाटेत भेटल्या. हळूच म्हणाल्या, "तू बोललीस ते खरं होतं गं." मी म्हटलं, "मग तिथं का नाही बोललात?" त्या आपल्या चपलांकडे बघत निघून गेल्या. एकांतात खरं म्हणणारी माणसं मला समोर हसणाऱ्यांपेक्षा जास्त ओंगळ वाटतात.

दारातल्या भिंतीवर आता ट्रेनिंगचा फोटो लावला आहे. लाल जाळं आहे, हसरे चेहरे आहेत. माझे नुसते पाय दिसतात.

वॉर्डात माझ्या जागी संगीता आली आहे. नवी आहे, लहान मूल घरी ठेवून येते, मुकादमाला घाबरते. तीही राउंडच्या तोंडावरच पुसते. मी तिला समजावलं, आधी पूस, लादी वाळू दे. ती म्हणाली, "ताई, तुमचं काय झालं ते मी बघितलंय." तिला कोणत्या तोंडाने बोलू? आज खिडकीतून बघितलं. साहेब गेले, बायका सुटल्या. एक पोटुशी पोर दोन्ही हातांनी भिंत चाचपत, पाय घासत चालली होती. ती पोचली. उद्याची पोचेल की नाही, सांगता येत नाही.

उद्या राउंडच्या आधी मी वॉर्डात जाणार. संगीताच्या हातातला पोछा काढून घेणार, म्हणजे तिच्यावर काही येणार नाही. सिस्टरना सांगणार, बायकांना आधी जाऊन येऊ द्या. त्या गप्प बसल्या तर मीच एकेकीला हाताला धरून नेणार. साहेब आले आणि खाटा रिकाम्या दिसल्या तर मी दारात उभी राहून त्यांना सांगणार, बाहेर थांबा, बायका संडासला गेल्या आहेत. मला घाम फुटेल, आवाज फाटेल. फाटू दे. मला कामावरून काढतील, बहुतेक उद्याच काढतील. पण साहेबांना त्या दारात थांबावं लागेल, आणि का थांबावं लागलं ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल.