पुसलेली उडी

धुळ्याच्या कॉलेजात असताना मी लांब उडी मारायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उडी चांगली पडायची, पण मला चांगली नको होती, बिनचूक हवी होती. पाऊल फळीवर नीट बसलं नाही, की उठता उठता पायाने वाळूतली खूण पुसून टाकायची. कुणी टेप लावायलाच नको. अति तिथे माती म्हणतात. माझ्या वाट्याला वाळू आली.

आम्हाला शिकवायला एक निवृत्त क्रीडाशिक्षक यायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. पायांआधी माझं डोकं ताळ्यावर आणायला हवं, हे त्यांनी ओळखलं होतं. खड्ड्याशेजारी डोळे मिटून बसवत आणि मनातल्या मनात उडी मारायला लावत. धावणं, फळी, वाळूतली खूण, सगळं दिसेपर्यंत. मग मुद्दाम वाईट उडी मारायला सांगत आणि ती खूण तशीच ठेवायला लावत.

"ऱ्हाऊ दे. बठ्ठ्या उड्या काय सोनान्या ऱ्हातस का?"

सगळ्याच उड्या सोन्याच्या नसतात, हे पटल्यासारखी मी मान डोलवायचे. त्यांची पाठ वळली की पुसायचे. त्या वाकड्या खुणेची मला खरोखर लाज वाटायची.

जळगावला राज्याच्या संघाची निवड होती. या वेळी नाव लागलं नाही तर खेळ बंद, असं वडिलांनी शिंदखेड्याहून बजावलं होतं, आणि त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पहिल्या दोन उड्या बाद झाल्या. उरली शेवटची. धावले, पाऊल जरा तिरकं पडलंसं वाटलं, आणि हवेत असतानाच मी स्वतःला शिव्या घालायला लागले. वाळूत पडले, उठले, सवयीने पाय फिरवला.

मागे वळले तर पंचाच्या हातात पांढरं निशाण. उडी बरोबर होती. टेप घेऊन आलेला माणूस सपाट वाळूकडे बघत उभा राहिला. कडेच्या मुली म्हणत होत्या, एवढी लांब आज कुणाचीच पडली नव्हती. पण खूण नाही तर माप नाही.

नाना रागावले असते तर बरं झालं असतं. परतीच्या एसटीत ते शेजारी येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "पोरी, डोया मिट. दख, कोठे पडनी व्हती?"

मी डोळे मिटले. त्यांनी शिकवलं होतं तशी धावले, फळी आली, उडाले. खाली वाळू सपाट होती. इतक्या वर्षांनी अजूनही तशीच आहे.