शिळं ऊन

आमच्या गल्लीत ऊन सगळ्यात शेवटी माझ्या घरी येतं, त्यामुळे माझा हेवा करायचं कुणाला काही कारण नाही. ज्यांचा सगळा जन्म एकमेकींवर जळण्यात गेला अशा दोघी माझ्या वरच्या अंगाला राहतात. एक स्टेइना, दुसरी आल्दा. ही गोष्ट स्टेइनाची आहे. पण आल्दाला बाजूला ठेवून स्टेइनाची गोष्ट सांगताच येत नाही, आणि हेच स्टेइनाचं जुनं दुखणं आहे.

आमचं गाव पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखात. नोव्हेंबर सरत आला की सूर्य खाडीपलीकडच्या डोंगराआड जातो तो जानेवारीच्या अखेरीला परत येतो. येतो तोही सगळ्यांकडे एकदम नाही. डोंगरमाथ्याला एक खाच आहे. तिच्यातून दुपारी जेमतेम कॉफी गाळून होईपर्यंत टिकणारं ऊन एका घरावर पडतं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरावर, असं उतरत उतरत माझ्या दारापर्यंत. ज्याच्या खिडकीत ते पहिल्यांदा येईल त्याने गल्लीला बोलवायचं, कॉफी ठेवायची, पातळ पॅनकेक करायचे आणि आत साखर पेरून गुंडाळून द्यायचे. याला आम्ही ऊन-कॉफी म्हणतो.

हा मान आधी स्टेइनाच्या आईचा होता आणि मग स्टेइनाचा. आईने तिला दोन गोष्टी दिल्या, पहिल्या उन्हाचं स्वयंपाकघर आणि एक काळाभोर बिडाचा तवा. त्या तव्याला आजतागायत साबण लागलेला नाही. त्याच्यावरचा पॅनकेक कडेने असा सुटतो की बघणाऱ्या बाईच्या पोटात दुखायलाच पाहिजे.

आल्दाच्या दुखायचं. दोघी सोळाव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात एका टेबलाला लागल्या. कॉडचे काटे कोण आधी काढतं यावरून सुरुवात झाली, ती गमबुटांवर गेली, केसांवर गेली, पडद्यांवर गेली. आल्दाने निळा दरवाजा केला की स्टेइनाचा लाल व्हायचा. नवऱ्यांवरून मात्र दोघींत कधी काही झालं नाही. एकीला दुसरीचा नवरा फुकटसुद्धा नको होता. आता दोघींचेही नवरे चर्चच्या मागे पुरलेले आहेत, आणि तिथेही कुणाच्या थडग्यावर जास्त दिवे लागतात याच्यावर दोघींचं लक्ष असतं.

मग आल्दाने माळ्यावर खोली काढली. उतरत्या छपराला भली मोठी काच बसवली. त्या वर्षी डोंगराच्या खाचेतून आलेलं ऊन स्टेइनाच्या स्वयंपाकघरात पोचण्याच्या आदल्या दिवशी आल्दाच्या काचेवर पडलं. गल्लीने काय करायचं? नियम तो नियम. सगळे जिना चढून वर गेले. आल्दाचे पॅनकेक तव्याला चिकटले, फाटले, तरी आम्ही खाल्ले. दुसऱ्या दिवशी स्टेइनाच्या ओट्यावर ऊन आलं तेव्हा आल्दा कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "काय गं, आलं का तुझं शिळं ऊन?"

स्टेइनाच्या अंगाचा तिळपापड झाला. आल्दाने पुढच्या वर्षी तवा मागितला तेव्हा तिने दाराच्या फटीतून सांगितलं, "खिडकी तुझी, तर तवाही तुझाच वापर. चिकटू दे."

तेव्हापासून एकीकडे खिडकी आणि दुसरीकडे तवा, आणि गल्लीला मात्र धड ऊन-कॉफी नाही.

गावच्या तरणतलावाची देखरेख माझ्याकडे आहे, त्यामुळे जानेवारीत माणसांचं काय होतं ते मला सगळ्यात आधी दिसतं. नाताळात सगळे खुशीत असतात. मग तेराव्या दिवशी किनाऱ्यावर मोठी शेकोटी पेटते, नाताळ जळून जातो, आणि उरतो तो अंधार, वारा आणि संपता संपत नाही असं धुरावलेलं मटण. धडधाकट माणसं गरम पाण्याच्या कुंडात येऊन बसतात आणि तोंडातून शब्द काढत नाहीत. डॉक्टर सगळ्यांना एकच सांगतो, माशाचं तेल घ्या, उजेडाचा दिवा लावा, चाला. स्टेइनाला यातलं काही लागायचं नाही. ती पहाटेच उठून दारातला बर्फ ओढायची, वेणी घालायची, कुंडात पहिली येऊन बसायची. लोक म्हणायचे, काय प्रकृती आहे! प्रकृती कसली डोंबलाची. आल्दाच्या आधी उठायचं असायचं तिला. उजेडाचा दिवाही तिने घेतला तो आल्दाच्या दिव्यापेक्षा मोठा मिळाला म्हणून.

या वर्षी शेकोटी विझली आणि आल्दा मुलीबरोबर दूर दक्षिणेला, टेनेरिफच्या उबदार बेटावर निघून गेली. वसंतापर्यंत येणार नाही म्हणाली. मला वाटलं, स्टेइना आता नाचेल. माळ्यावर कुणी नाही म्हणजे पहिलं ऊन परत तिच्याच ओट्यावर.

दोन दिवस ती तोऱ्यात होती. कुंडात बसून म्हणाली, "गेली एकदाची. पळपुटी. जिला अंधार सोसत नाही तिने इथे राहायचंच कशाला?"

मग ती यायची बंद झाली. तिच्या दारातला बर्फ तसाच साचत गेला. दिवाही लागेना. मी माशाचं कालवण घेऊन गेले तर बाई भर दुपारी पांघरुणात, वेणी सुटलेली, भिंतीकडे तोंड.

"बरं नाही का गं?"

"बरी आहे. उठून करायचंय काय?"

"ऊन यायला आलं. या वर्षी मान तुझा आहे."

"येऊ दे. बघायला आहे कोण?"

मी होते की! गल्ली होती! मला राग आला. आम्ही सगळे काय खांब आहोत? पण दुसऱ्या दिवशीही कालवण तसंच पडलेलं दिसलं, तिसऱ्या दिवशीही, आणि मग रागापेक्षा भीती जास्त वाटायला लागली. आमच्याकडे जानेवारीत पांघरुणात शिरलेलं म्हातारं माणूस कधीकधी बाहेर येतच नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही.

तेव्हा मी खोटं बोलले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

पलंगाच्या कडेला बसून मी म्हटलं, "आल्दाचा फोन होता. म्हणाली, लोआ, माझ्या माळ्यावर ऊन-कॉफी झालीच पाहिजे. मी नसले म्हणून काय झालं, पहिलं ऊन माझंच. किल्ली कुंडीखाली आहे."

पांघरूण हललं नाही.

"पॅनकेक मलाच करायला सांगितलेत. नवा तवा आण म्हणाली. नॉनस्टिक."

पांघरुणातून एक डोळा बाहेर आला. "काय म्हणाली?"

"नॉनस्टिक. म्हणाली, त्याच्यावर कुणालाही जमतात. त्या बिडाच्या तव्याचं उगाच कौतुक करून ठेवलंय गल्लीने."

स्टेइना उठून बसली. केस पिंजारलेले, डोळे खोल गेलेले, पण गालावर रंग चढायला लागला होता. "जमतात? कुणालाही?" ती म्हणाली. "त्या बाईला जन्मात एक गोल पॅनकेक जमलेला नाही! लोआ, तू पीठ भिजवायचं नाहीस. मी येते. माझा तवा घेऊन तिच्या माळ्यावर जाते, तिच्याच खुर्चीत बसते आणि तिचं पहिलं ऊन खाते. बघू दे तिला तिथून." मग दम खाऊन म्हणाली, "ते कालवण गरम कर आधी."

मी लगेच उठले. कालवण गरम केलं.

आमच्या गावात दारं बंद असली तरी तोंडं बंद नसतात. ब्यार्नी नावाचा एक म्हातारा तांडेल रोज कुंडात बसतो. त्याने ही बातमी बायकोला सांगितली, बायकोने टेनेरिफला कळवली. संध्याकाळी खरोखरच आल्दाचा फोन आला.

"लोआ, स्टेइना माझ्या माळ्यावर तवा घेऊन चढणार आहे म्हणे?"

"हो गं."

"बसणार कुठे?"

"तुझ्या हिरव्या खुर्चीत, असं म्हणत होती."

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता, आणि कुणाची तरी पोरं हसत होती. मग फोन बंद झाला.

आणि ऊन यायच्या दिवशीच आल्दा हजर! वादळाने छोटं विमान रद्द झालं, तर बाई बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून टपालाच्या गाडीत बसून घाट उतरून आली. नाकावरची कातडी उन्हाने सोललेली, अंगात फुलाफुलांचा सदरा आणि वरून लोकरीचा स्वेटर. सरळ माळ्यावर गेली. हिरव्या खुर्चीत स्टेइना बसलेली होती, वेणी घट्ट घातलेली, शेजारी शेगडीवर तवा.

"ऊठ," आल्दा म्हणाली.

"पहिलं ऊन येऊ दे, मग उठते."

"तू वाळलीस."

"तू करपलीस."

गल्ली जिन्यावर दाटीवाटीने उभी. सगळे काचेकडे बघत राहिलो. आणि ढग आले. खाच दिसेना, डोंगर दिसेना. दुपार तशीच गेली. इतक्या लांबून आलेली आल्दा, इतक्या लांबून उठलेली स्टेइना, आणि ऊन नाही ते नाहीच. पॅनकेक मात्र आम्ही सगळे संपवले. आल्दाने किती खाल्ले ते मी बघत होते. तीही बघत होती, कुणी बघतंय का ते.

मी तिला जिन्यात गाठून विचारलं, "तिथे रोज ऊन असतं ना गं? ते सोडून आलीस?"

"असतं," आल्दा म्हणाली. "सगळ्यांच्याच अंगावर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यात दाखवायचं काय आणि कुणाला? शेजारची जर्मन बाई तर डोळे मिटून पडलेली असते." मग आवाज उतरला. "उठावंसं वाटत नव्हतं मला तिथे."

दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख होतं. दुपारी मी स्टेइनाच्या कुंपणापाशी पोचले तेव्हा तिच्या ओट्यावर हाताएवढं पिवळं ऊन पडलेलं होतं, तव्यावर, पिठाच्या भांड्यावर, तिच्या सुरकुतलेल्या बोटांवर. खिडकी सताड उघडी. आल्दा पलीकडून मोकळा कप घेऊन येत होती आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होती.

"माझ्या काचेवर आधी आलं गं! तू झोपली होतीस, तुला काय कळणार? तुझं शिळंच!"

"झोपले होते?" स्टेइना खिडकीतून अर्धी बाहेर आली. "मी झोपले होते? चांदण्या असल्यापासून उठून बसलेय मी इथे, डोळ्याला डोळा लावलेला नाही! तुझ्या काचेकडेच बघत होते! आधी माझ्याकडे आलं!"

आल्दाने दारातल्या बर्फाकडे पाहिलं. तो पायरीपर्यंत स्वच्छ ओढून टाकलेला होता. कप पुढे केला.