बाकावर राहिलेला बर्फाचा डबा

मी मुलुंडची. घरातले सगळे बँकेत, नाहीतर सरकारी कचेरीत. मीच एक दीडशहाणी कॅन्सरच्या आकड्यांत शिरले. लहान मुलांना हाडाचा कॅन्सर होतो. त्या गाठींत कुठली जनुकं जोरात चालू आहेत नि कुठली गप्प, याचे तक्ते मी कॉम्प्युटरवर लावते. एकाच औषधाने एक मूल बरं होतं, दुसरं का होत नाही, ते त्यातून कधीतरी कळेल म्हणून.

खारदांड्याची एक कोळीण आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या हॉस्पिटलात यायची. गुडघ्याच्या वर गाठ. औषधं चालू होती आणि गाठ ढिम्म. डॉक्टर पुन्हा सुई घालून तुकडा काढणार होते. आम्हाला तक्त्यासाठी त्याच वेळी एक जास्तीचा हवा होता. आई तयार होईना. मग लॅबमधली मराठी बोलणारी म्हणून मला पुढे केलं. मी शेजारी बसून गोड गोड बोलले. औषध का लागू पडत नाही ते यातून दिसेल, म्हणाले. कदाचित दिसेल, असं म्हणायला हवं होतं. तसं म्हणाले नाही. तिने सही केली.

हाडात एक गोम आहे. तपासायला त्याचे पातळ काप करायचे तर आधी ते आम्लात ठेवून मऊ करतात. रोजची रीत आहे ती. पण जनुकांची खूण आम्लात मरते, म्हणून आमचा तुकडा तिथल्या तिथे बर्फात घालायचा. त्यासाठी डबा घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दाराशी कुणीतरी उभं राहायचं. त्या दिवशी ते कुणीतरी म्हणजे मी. अजून अर्धा तास आहे असं आतून सांगितलं, आणि बाईसाहेब डबा बाकावर ठेवून खाली चहाला गेल्या. वर आले तेव्हा दोन्ही तुकडे नेहमीच्या वाटेने आम्लात गेले होते. त्यात दुसऱ्या कुणाचीच चूक नव्हती.

आईला सांगायलाही मलाच पाठवलं, मराठी ना. मी आम्ल, तापमान, असलं बरंच काही बडबडले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाय, बंदराव म्हावरा उतरला का आमी पयला बरफ घालतो," ती म्हणाली. "ह्यो तर माझे पोरीचा हाड व्हता."

पुन्हा एकदा सुई घालू द्याल का, हेही विचारून यायला सांगितलं होतं. तेही मी विचारलं, लाज कोळून प्यायल्यासारखं. ती उठून मुलीकडे गेली.

पुढे मुलीचा पाय कापावा लागला, तरी वर्षाच्या आत ती गेली. आमचा तक्ता पूर्ण झाला, त्यावरचा लेख छापून आला, त्यात माझंही नाव आहे. तक्ता लावताना त्या मुलीच्या नंबराचा रकाना रिकामाच होता. रिकामा रकाना असला की प्रोग्रॅम पुढे सरकत नाही. तो रकाना मीच काढून टाकला.