शाळेमागचे करंज

सत्तरच्या दशकात मी निघोज्याच्या शाळेत शिक्षिका होते. राहायला कासारवाडीला होते, तिथून बसने यायचे. पहिल्या पावसाळ्यात मी शाळेसमोर गुलमोहराची वीस रोपं लावली. जागा मी ठरवली, पाण्याच्या पाळ्याही मीच लावल्या. तपासणीला साहेब आले की फाटकातून सरळ रांग दिसावी, एवढंच डोक्यात होतं. मे महिन्याची सुट्टी संपवून परतले, तर नुसत्या काटक्या उरल्या होत्या.

शाळेमागे राहणाऱ्या एका मावशींच्या शेळ्या आवारात हिंडायच्या. मी रागातच त्यांच्या दारात गेले.

"मावशी, तुमच्या शेळ्यांनी शाळेची झाडं खाल्ली."

"व्हय, खाल्ली," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर ती आदीच सुकली हुती. महिनाभर कुनी पानी घातलं न्हाई. आमाला कुनी सांगितलं का, घाला म्हून?"



पुढच्या पावसाळ्याआधी मी पालकांची बैठक मागितली. "त्यांना काय विचारायचं?" असं म्हणत मुख्याध्यापकांनी नाइलाजाने परवानगी दिली. नऊजण आले. मावशी दाराशी बसल्या होत्या.

"म्होरं नुसता मुरूम हाय," त्या म्हणाल्या. "मागं हापशाचं पानी वाहून जातं, तिथं लावा. आन् करंज लावा, त्याला शेळी तोंड लावत न्हाई."

मी शाळेच्या शोभेबद्दल बोलले. कुणी विरोध केला नाही, पण माझ्या बाजूनेही कुणी बोललं नाही. पंप दुरुस्त करणारे एक चाचा म्हणाले, "बाई, मावशी बरोबर बोलतायत. जुन्या पत्र्याची कुंपणं मी करून देतो." ठरलं ते माझ्या मनाविरुद्धच ठरलं. एकेक रोप एकेका घराने वाटून घेतलं.

जुलैत मावशींनी माझ्या वर्गाला मागच्या अंगणात नेलं. मूठभर माती दाबून तिच्यात ओल किती आहे, ते कसं ओळखायचं हे त्यांनी मुलांना दाखवलं. मुलं मला कधी विचारत नसत इतके प्रश्न त्यांना विचारत होती. मी मागे उभी राहून ऐकत होते. वाईट वाटलं, हे कबूल करायला हवं. नंतर मीही मूठभर माती उचलली.

दोन रोपं म्हशीने तुडवली, एक उगाचच वाळलं. बाकीची जगली. तपासणीचे साहेब आले तेव्हा फाटकातून काहीच दिसलं नाही. मुख्याध्यापकांना त्यांना मागे न्यावं लागलं.

काही वर्षांनी माझी निगडीला बदली झाली. जाण्यापूर्वी सुट्टीतल्या पाण्याच्या पाळ्यांची यादी करून मी मावशींना द्यायला गेले.

"ते आमचं ठरलंय, बाई," त्या म्हणाल्या. "तुमी च्या घ्या."