मोजणीबाई

बाईंना 'साधारण' हा शब्द खपत नसे. कुणी म्हणालं, "साधारण कमरेइतकं पाणी हाय," की बाई विचारणार, "कुणाच्या कमरेइतकं?" माझी सासू तर त्यांना लांबून बघितलं की आधीच हात जोडायची, "मला कायपन विचारू नको गो बाय, मला नक्की असं कायच ठावं नाय."

बाई रोह्याला कॉलेजात शिकवायच्या आणि दर पंधरा दिवसांनी स्कूटीवरून गडब गावाशेजारच्या आमच्या गावात यायच्या. डोंगरातून येणारा ओहोळ आमच्या शेतांच्या टोकाला पसरतो, तिथे पाणथळ होतं. त्यात बाईंनी बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला दोरीने एकेक प्लॅस्टिकचा टब पालथा बांधून पाण्यावर सोडला होता. पाच महिने कुणी फिरकून पाहिलं नाही. मग एक दिवस कुणीतरी विचारलं, काय करता? बाई म्हणाल्या, "मोजणी." झालं! आमच्याकडे मोजणीचा अर्थ एकच, जमीन जाणार. खुंटी आधी येते आणि कंपनी मागून, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मी अंगणवाडी सेविका, बायका माझं ऐकतात. दहा-बारा जणी पदर खोचून गेलो आणि झाडून सगळ्या खुंट्या उपटून आणल्या. त्या कारल्याच्या मांडवाला लागल्या. एक टब मी कोंबडी झाकायला घेतला.

दोन दिवसांनी बाई दारात उभ्या. अंगणात टब थडथड हलत होता. त्यांनी तो ओळखला, घड्याळ बघितलं आणि विचारलं, "कोंबडी आत किती वेळ आहे?" मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. बाई पोलीस आणतील या भीतीने सरपंच आपल्या घराच्या मागच्या दाराने पसार झाले होते. बाईंनी तांब्याभर पाणी मागितलं, सगळं प्यायल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." मग कळलं, त्यांना सलग एक वर्ष हवं होतं. बाराही महिने, त्याच जागा, मध्ये खंड नाही. पाच महिने आम्ही एका सकाळीत मातीत घातले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, "आता पुन्हा पहिल्यापासून." आणि खरंच दुसऱ्या दिवशी नवीन बांबू घेऊन आल्या. तेव्हापासून त्या मोजणीबाई. त्यांनाही ते नाव आवडायचं.

समजावून सांगायची त्यांना भारी हौस. "ताई, झाड वर्षभर हवेतून कार्बन घेतं, त्याची पानं करतं. पान ओहोळात पडतं, कुजतं. मग तो कार्बन कुठे जातो? थोडा परत हवेत, थोडा चिखलात मुरतो, थोडा आंबा नदीतून खाडीला. कुठे किती, तेच मला मोजायचंय." मी म्हटलं, "पडीक जागा ती, म्हशी लोळतात तिथे." त्या म्हणाल्या, "पडीक कसली? तुमच्याआमच्यापेक्षा जास्त काम करते ती."

मग मीही कामाला लागले. पालथ्या टबात पाण्यातून वर येणारा वायू कोंडायचा; टबाला नळी, नळीला तो वायू मोजणारं एक छोटं यंत्र. वीस मिनिटांत आकडा किती चढला ते वहीत लिहायचं. त्या वीस मिनिटांत बाई बोलत नसत. पोटरीला जळू लागली तरी नजर घड्याळावर. मीच ओरडायचे, "अहो बाई, रक्त येतंय!" त्या बोट ओठावर ठेवायच्या. यंत्र आणि वही माझ्याकडेच असायची. बाईंना यायला जमलं नाही तर मोजायचं मी.

आषाढात आंबा फुगली. नागोठण्याचा रस्ता पाण्याखाली गेला आणि बाई रोह्याला अडकल्या. फोनवर म्हणाल्या, "ताई, पाण्यात उतरू नका. चुकला आकडा तर चुकला." पण त्यांचे पाच महिने मी आधीच घालवले होते, आता अख्खं वर्ष कसं घालवू? मी गेले. बांधावरच पाणी छातीला लागलं, तशी परत फिरले. घरी आले आणि मागचा आकडा बघून, त्यात थोडी भर घालून वही भरली. रजिस्टर भरायला सरावलेला हात माझा, जराही अडखळला नाही.

फाल्गुनात वर्ष पुरं झालं. बाईंनी माझ्या ओसरीवर बसून सगळे आकडे कागदावर मांडले आणि एकदम टाळी वाजवली. "ताई, हे बघा! एवढ्या पुरातही पाणथळ इतका वायू सोडतंय! मला वाटलंच नव्हतं!" बोट नेमकं माझ्या आकड्यावर. इतक्या खुशीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं, देवाशपथ. पण माझ्याच्याने ते होईना. म्हटलं, "बाई, तो मी मनाने लिहिलाय."

 बाईंचे डोळे भरले, ते त्यांनी लपवले नाहीत. मग पेन काढून त्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली. खोडला नाही, खालचा दिसत राहिला. शेजारी सही केली, माझीही घेतली. म्हणाल्या, "माझ्यासाठी केलंत, कळतंय मला. पण आता पुराचा आकडा आपल्याकडे नाही." आणि ती पाणथळ जागा तर तोवर गोदामासाठी विकली गेली होती. दिवाळीनंतर मातीचा भराव पडणार, हे गावभर झालं होतं. "म्हणजे एक आषाढ आहे अजून," बाई म्हणाल्या.

त्या आषाढात पाऊस लागला तशी बाईंनी कॉलेजातून रजा काढली आणि रस्ता बंद व्हायच्या आधीच माझ्या घरी येऊन राहिल्या. चौथ्या दिवशी पाणी चढलं. आम्ही दोघींनी कंबरेला दोर बांधला, दुसरं टोक करंजाच्या झाडाला, आणि उतरलो. दीर झाडापाशी उभा राहून शिव्या देत होता, "दोघी पन येड्या हाव तुमी!" वीस मिनिटं मी टब धरला, बाईंनी यंत्र डोक्यावर धरलं. पाऊस असा की एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. आकडा आला तो माझ्या आकड्याच्या निम्माही नव्हता. पावसाच्या ताज्या पाण्याखाली चिखल जवळजवळ गप्प बसला होता. माझा अंदाज साफ उलटा निघाला होता.

ओसरीवर आलो, बाईंनी आधी यंत्र पुसून ठेवलं. वही त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही लिहा."

पुढे बाईंना दूरच्या कॉलेजात नोकरी लागली. दिवाळीनंतर डंपर आले, आणि आता तिथे पत्र्याचं गोदाम आहे. बाईंचा फोन येतो अधूनमधून, मला फार आठवण येते त्यांची. गावातली नवी पोरं विचारतात, इथे खरंच पाणी होतं? मी सांगते, होतं. भर पुरात ते काय करत होतं, तेही सांगते. अगदी आकड्यासकट.